उद्यानातील वाहनतळ शुल्क : परिणाम दरावर कमी, पर्यायी वाहतुकीवर अधिक

रायपूर : सार्वजनिक उद्यान, तलावाचा काठ अथवा वनोद्यान येथे वाहन उभे करण्यासाठी शुल्क आकारावे की नाही, हा वाद देशातील बहुतेक शहरांत अधूनमधून उद्भवतो. देखभालीचा खर्च भागवण्यासाठी शुल्क आवश्यक असल्याची प्रशासनाची भूमिका असते, तर मोकळ्या हवेसाठीही पैसे मोजायचे काय, असा नागरिकांचा सवाल असतो. प्रत्यक्षात शुल्काचा परिणाम त्याच्या दरापेक्षाही त्या स्थळी पोहोचण्यासाठी दुसरे साधन आहे की नाही, यावर अधिक अवलंबून असतो. छत्तीसगडच्या राजधानीतील दोन लोकप्रिय स्थळांची तुलना केल्यास ही बाब स्पष्ट होते.

वाहनतळाची जागा फुकट नसते, हा या चर्चेचा पहिला मुद्दा आहे. नगररचनेच्या प्रचलित मानकांनुसार उघड्यावर एक मोटार उभी करण्यासाठी, वळण्याच्या जागेसह, 23 चौरस मीटर क्षेत्र गृहीत धरले जाते. म्हणजेच 100 मोटारींना अर्ध्या एकराहून अधिक जमीन लागते. एवढ्या जमिनीवर झाडे अथवा मुलांचे क्रीडांगणही होऊ शकते. शुल्क नसल्यास या जागेचा खर्च पायी, सायकलने किंवा बसने येणाऱ्यांवरही पडतो. केंद्र सरकारच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेही वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मूल्याशी सुसंगत असावे, असे सुचविले आहे. मात्र सार्वजनिक वाहतूक अधिक आकर्षक व्हावी, हा हेतूही त्याच धोरणात नमूद आहे.

रायपूरचा तेलीबांधा तलाव शहराच्या मध्यवस्तीत, जी. ई. रोडलगत आहे. ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने परिचित असलेल्या या काठावर सकाळी फिरणाऱ्यांची आणि सायंकाळी कुटुंबांची वर्दळ असते. लगतच्या वसाहतींतून येथे चालत येता येते; शहराच्या अन्य भागांतून रिक्षाने पोहोचता येते. अशा ठिकाणी वाढत्या वेळेनुसार वाढणारे शुल्क लावल्यास तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्या हलतात आणि नव्याने येणाऱ्यांना जागा मिळते. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी 2005 मधील आपल्या ग्रंथात हाच विचार मांडला होता. काही जागा नेहमी रिकाम्या राहतील इतकाच दर योग्य, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दुसरे स्थळ नवा रायपूरमधील नंदनवन जंगल सफारी. राज्य स्थापनेच्या वर्धापनदिनी, 1 नोव्हेंबर 2016 रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. सुमारे 320 हेक्टरवर पसरलेले हे उद्यान रायपूर रेल्वे स्थानकापासून सुमारे 35 किलोमीटरवर आहे. 30 मार्च 2025 रोजी रायपूर-अभनपूर मेमू गाडी सुरू झाल्याने नव्या राजधानीला रेल्वेची जोड मिळाली. तथापि रेल्वे उद्यानाच्या दारापर्यंत जात नाही. त्यामुळे बहुतांश कुटुंबांना स्वतःचे अथवा भाड्याचे वाहन घेणे भाग पडते. अशा दूरच्या स्थळी वाहनतळ शुल्क लावल्यास वाहनांची संख्या फारशी घटत नाही. ते प्रवेश तिकिटाचाच वाढीव भाग ठरते. मोटारीतून येणाऱ्याला ही रक्कम जाणवत नाही. भाड्याची रिक्षा ठरवून वर्षातून एकदा मुलांना वाघ दाखवायला येणाऱ्या मजुराच्या कुटुंबाला मात्र ती जाणवते.

शुल्काचा आणखी एक परिणाम प्रवेशद्वाराबाहेर दिसतो. ब्रिटनमध्ये 1968 च्या कायद्यानंतर शहरांलगत ‘कंट्री पार्क’ विकसित झाले. कालांतराने अनेक स्थानिक संस्थांनी तेथे वाहनतळ शुल्क सुरू केले. तेव्हा शुल्क टाळण्यासाठी लगतच्या अरुंद रस्त्यांच्या कडेला गाड्या लागू लागल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. नित्य येणाऱ्यांसाठी वार्षिक पास हा तेथे रुळलेला उपाय आहे.

महाराष्ट्रातील अनुभवही बोलका आहे. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च 2018 मध्ये वाहनतळ धोरण मंजूर केले. तीव्र विरोधामुळे ते प्रायोगिक तत्त्वावर पाच रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले आणि पुढे अंमलबजावणी रखडली. आधी बससेवा सुधारा, मग शुल्क लावा, हा त्या विरोधातील प्रमुख युक्तिवाद होता.

वसुलीची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. बहुतेक ठिकाणी हे काम ठेकेदाराकडे जाते आणि मिळालेली रक्कम सामान्य महसुलात जमा होते. त्याच उद्यानातील स्वच्छतागृह, सावली, पिण्याचे पाणी किंवा रेल्वे स्थानकापासूनची बस यांवर ती खर्च झाल्याचे दिसले, तर नागरिकांचा विरोध सौम्य होऊ शकतो. दरफलक ठळक असणे, पावती मिळणे, सायकलींना आणि दिव्यांगांच्या वाहनांना सूट असणे, या किमान अपेक्षा आहेत.

तेलीबांध्यासारख्या मध्यवर्ती ठिकाणी शुल्क गर्दीच्या नियोजनाचे साधन ठरू शकते. जंगल सफारीसारख्या दूरच्या उद्यानात मात्र बस आधी आणि शुल्क नंतर, हाच क्रम न्याय्य ठरतो. तो उलटल्यास सार्वजनिक पैशातून उभारलेल्या उद्यानापासून ज्यांच्या घरी अंगण नाही, तेच सर्वप्रथम दुरावतील.