बोटावरचा ९७

दरवर्षी एका शुक्रवारी जागतिक निद्रा दिन येतो. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हे त्यानिमित्तानं पुन्हा एकदा सांगून होतं. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी झोपेत श्वास अडकण्याच्या आजारानं गेले, तेव्हापासून ‘स्लीप अ‍ॅप्निया’ हा शब्द घराघरांत माहीत आहे. त्यामुळे तो आजार काय असतो, हे इथे परत सांगत नाही. मला लिहायचंय त्यापुढचं. निदान झालं, त्यावरच्या उपचाराचं सीपॅप मशीन घरी आलं, मास्क लावून माणूस झोपू लागला आणि तरीही रात्री ऑक्सिजन कमीच दिसला, तर आपण काय करतो?

आपण माळ्यावर बघतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या लाटेत, मिळेल त्या भावाला घेतलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चादरीत गुंडाळून तिथे ठेवलेलं असतं. साताऱ्याला माझ्या मामांच्या घरी हेच झालं. मामांचं वय ६९, वजन भरपूर, आणि तरुणपणापासून तीस वर्षं विडी ओढलेली. सीपॅप लावून झोपलेले असताना मामेभावानं रात्री दोन वाजता त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ८६. दुसऱ्या दिवशी कॉन्सन्ट्रेटर खाली उतरलं. नाकातली नळी मास्कच्या कडेखालून आत सरकवली, काटा चार लिटरवर ठेवला. “दादा, ९७ आलं बघ!” असा त्याचा फोन आला. मामींनी देवापुढे साखर ठेवली. मलाही हायसं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मामा हाक मारूनही उठेनात. कसंबसं बसवलं तर डोकं जड, बोलणं तुटक. हातात दिलेला कप बशीवर वाजत राहिला, चहा सांडला. दवाखान्यात मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. त्यात कार्बन डायऑक्साइड ६८ निघाला, जो ३५ ते ४५ च्या मध्ये असायला हवा. ऑक्सिमीटर त्या क्षणीही ९६ दाखवत होता.

या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी मला पुरे आहे. ऑक्सिमीटर रक्तात ऑक्सिजन किती भरला ते सांगतो. श्वास किती चालू आहे ते सांगत नाही. छातीतली घाण हवा बाहेर पडतेय का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. विडी-सिगारेटनं फुफ्फुसं खराब झालेल्यांमध्ये आणि अतिस्थूल माणसांमध्ये जादा ऑक्सिजन दिला की श्वासाची ओढ मंदावू शकते. शिवाय फुफ्फुसाच्या निकामी भागांकडेही रक्त वळू लागतं. मग कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस गुंगीत जातो. घरच्यांना वाटतं, किती दिवसांनी गाढ झोप लागली! फुफ्फुसांचा असा आजार, म्हणजे सीओपीडी, आणि स्लीप अ‍ॅप्निया एकाच माणसात असण्याला १९८५ मध्ये डेव्हिड फ्लेन्ली यांनी ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ हे नाव दिलं. मामा त्यातलेच. सीओपीडीच्या अशा रुग्णांसाठी ८८ ते ९२ हे साधारण लक्ष्य असतं. ९७ त्यांच्यासाठी आनंदाची बातमी नव्हती.

दुसरा घोळ सीपॅपबद्दलच आहे. ‘ऑक्सिजनचं मशीन लावलंय’ असं लोक सर्रास म्हणतात, पण सीपॅपमधून साधी खोलीतलीच हवा येते, फक्त दाबानं. १९८० मध्ये सिडनीत डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांच्यापुढे अ‍ॅप्नियानं बेजार झालेला एक मजूर होता. त्या काळी गंभीर रुग्णाला उपाय एकच, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. ते त्या माणसाला नको होतं. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरसारखा पंखा, जाड नळी आणि नाकावर चिकटवायचा मास्क अशी जुळणी केली. दाब हळूहळू वाढवला आणि एका टप्प्यावर घसा उघडला, घोरणं थांबलं, माणूस शांत झोपला. दाब कमी केला की पुन्हा श्वास अडकायचा, वाढवला की सुटायचा. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पाच रुग्णांची हकिगत छापली. त्या शोधाचं सगळं मोठेपण यात आहे की औषध नाही, चिरफाड नाही, नुसत्या हवेनं मिटलेली वाट उघडी ठेवली. मला तो गेल्या शतकातला एक अत्यंत देखणा शोध वाटतो.

ऑक्सिजनला हे काम जमत नाही. घसा मिटलेला असताना नाकाशी कितीही ऑक्सिजन सोडा, आत जाणार कुठून? आकड्याची घसरण कमी होते, अडकणं तसंच राहतं, कधी लांबतंही. २०१४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात सीपॅपनं रक्तदाब उतरला, नुसत्या रात्रीच्या ऑक्सिजननं उतरला नाही. ‘मास्क सहन होत नाही, त्यापेक्षा नळी बरी’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

मग दोन्ही एकत्र कधी द्यायचं? अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनची २००८ ची मार्गदर्शक सूत्रं स्पष्ट आहेत. दाब नीट बसला आहे, श्वास अडकत नाही, तरीही सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरचा आकडा, पाच मिनिटं किंवा जास्त वेळ ८८ किंवा त्याखाली राहतं, तेव्हा. सुरुवात एका लिटरनं. पुढचा लिटर वाढवायचा तर मध्ये किमान १५ मिनिटं जाऊ द्यायची आणि ८८ ते ९४ च्या दरम्यान आलं की थांबायचं. हे तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली, झोपेच्या प्रयोगशाळेत. मामेभावानं पहिल्या रात्री थेट चार लिटर सोडला होता.

नळी मास्कखालून घालणंही चूक. मास्कची कड उचलली जाते, हवा डोळ्यांत फुसफुसते, दाब गळतो आणि ज्या उपचारासाठी मशीन आणलं तोच पातळ होतो. त्यासाठी बोटभर लांबीचा प्लास्टिकचा टी-जोड मिळतो. तो मशीनच्या तोंडाशी बसतो आणि ऑक्सिजनची नळी त्याच्या बाजूच्या चोचीला लागते. ऑक्सिजन तिथे हवेत मिसळतो आणि बराचसा मास्कच्या छिद्रांतून उडूनही जातो. मिनिटाला ३० लिटर हवेत दोन लिटर मिसळला, तर मिश्रणात ऑक्सिजन २६ टक्क्यांच्या आसपास होतो. साध्या हवेत तो २१ असतो. दाब आपोआप बदलणाऱ्या ऑटो मशीननं तो वाढवला की हे प्रमाण आणखी खाली येतं. म्हणून दिवसा नाकातल्या नळीवर ठरलेले लिटर रात्री मशीनला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

क्रमही पाळायचा. आधी सीपॅप सुरू, मग ऑक्सिजन. सकाळी आधी ऑक्सिजन बंद, मग सीपॅप. पंखा थांबलेला असताना ऑक्सिजन सुरू राहिला तर तो उलटा मशीनमध्ये शिरून साचतो आणि एखादी ठिणगी पुरते. दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर कोणतं मशीन आहे, तेही तपासा. त्या खोलीत समई, उदबत्ती, मच्छरांची कॉइल नको. नाक कोरडं पडतं म्हणून पेट्रोलियम जेली किंवा तेलकट बाम चोपडू नका. पाण्यात मिसळणारं जेल मिळतं, ते वापरा.

मामांचं सीपॅप आता बदललं आहे. श्वास आत घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं बायपॅप आलं, सोबत एक लिटर ऑक्सिजन. सकाळचा कार्बन डायऑक्साइड ४८ वर आला आहे. रात्री आकडा ९० च्या मागेपुढे असतो आणि मामेभाऊ आता काट्याला हात लावत नाही.

तुमच्याही घरी सीपॅप असेल आणि माळ्यावर कॉन्सन्ट्रेटर असेल, तर ते खाली उतरवण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: यांचा कार्बन डायऑक्साइड शेवटचा कधी तपासला होता?