गूगल साइट्स : शिक्षकाची स्वतःची वेबसाइट

फुकट आणि कोडिंगशिवाय

- सुरुवात २००८ची. गूगलने २००६मध्ये विकत घेतलेल्या 'जॉटस्पॉट' या कंपनीमधून हे साधन घडले. नवे रूप २०१६चे.
- लागते काय? गूगल खाते आणि ब्राउझर. धड्याच्या टिपणांखाली यूट्यूबचा व्हिडिओ, त्याखाली गूगल फॉर्मवरची चाचणी, असे सारे एकाच पानावर बसते.
- मोफत खात्याला जागा १५ जीबी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून.
- 'गूगल क्लासरूम' वेगळे. तिथे गृहपाठ, गुण आणि नोंदवलेले विद्यार्थी. साइट सर्वांसाठी खुली ठेवली, तर लॉगइन न करताही वाचता येते.
- हमखास अडते ते इथे : साइट 'पब्लिश' झाली, पण ड्राइव्हमधल्या पीडीएफची परवानगी वेगळी असते. ती 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी नसेल, तर विद्यार्थ्याला फाइल उघडता येत नाही. आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहावी.
- नंतरची दुरुस्ती पुन्हा 'पब्लिश' दाबल्यावरच वाचकाला दिसते.
- मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधली प्रश्नपत्रिका तशीच चिकटवली, तर अक्षरांजागी भलतीच चिन्हे उमटतात.