औषधदान आणि डॉक्टरांची उणीव

आहार, औषध, शास्त्र व अभय या चतुर्विध दानांपैकी औषधदानाची परंपरा आपल्या व्यापारी घराण्यांनी दवाखाने उभारून जपली. परंतु औषध देणारा वैद्यच नसेल, तर ते दान रुग्णापर्यंत पोहोचते काय?

शासकीय निकषानुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ हवेत. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशभरात अशा तज्ज्ञांची जवळपास ८० टक्के उणीव होती. इमारत आहे, खाटा आहेत. अडलेल्या बाळंतिणीला मात्र जिल्ह्याची वाट धरावी लागते.

डॉक्टर खेड्यात टिकत नाहीत, याचे कारण केवळ वेतन नव्हे. राहण्याजोगे घर नसते, मुलांसाठी चांगली शाळा नसते. आणि भूलतज्ज्ञावाचून शल्यचिकित्सकाचेही हात बांधलेले असतात.

म्हणून आपल्या ट्रस्टांनी नव्या कोनशिलेआधी डॉक्टरांच्या निवासाची सोय पाहावी. ग्रामीण सेवेचे वचन देणाऱ्या विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती द्यावी. शहरांतील आपल्या डॉक्टर बंधु-भगिनींनी महिन्यातून एक दिवस मूळ गावास द्यावा. पेढी नुसत्या मालावर चालत नाही, गादीवर जाणता माणूस बसावा लागतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. दवाखान्याचेही तसेच आहे.