काळ्या गव्याला राखाडी करणारा कॅमेरा

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात पहाटे निघालेल्या पर्यटकाला एखादा भलाथोरला गवा क्षणभर दर्शन देतो. घाईघाईने छायाचित्र टिपले जाते. घरी संगणकावर पाहावे, तर काळाकभिन्न गवा धुळीत लोळल्यासारखा राखाडी दिसतो आणि त्याचे पांढरे 'पायमोजे' चुना फासल्यागत सपाट झालेले असतात. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याचे गृहीतक येथे चुकलेले असते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो. वस्तूच काळी आहे की उजेड कमी आहे, हे त्याला उमगत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे मानून तो एक्स्पोजर ठरवतो. गव्याने किंवा अस्वलाने चौकट व्यापली, की उजेड अपुरा समजून तो जादा प्रकाश आत घेतो. त्यासाठी शटर अधिक वेळ उघडे राहिले, तर चालत्या जनावराचे चित्र हलते, ते वेगळेच. आधुनिक कॅमेऱ्यांतील बहुविभागी मापनाने ही चूक कमी होते, पण पूर्णपणे टळत नाही.

उपाय सोपा आहे. 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉप ठेवावे. मात्र 'काळे म्हणजे उणे' हा नियम आंधळेपणाने पाळू नये. तोच गवा दूर, धुक्याच्या किंवा उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा असेल, तर मापक त्या उजेडाला भुलतो आणि गव्याची नुसती काळी आकृती उरते. तेथे अधिक एक स्टॉप द्यावा लागतो. म्हणजे प्राण्याच्या रंगाइतकेच, त्याने चौकटीचा किती भाग व्यापला आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

दुसरा मार्ग म्हणजे गव्यावर पडणाऱ्या प्रकाशातच असलेल्या हिरव्या गवताचे 'स्पॉट' मापन घेऊन तेच एक्स्पोजर कायम ठेवणे. असे गवत बहुधा मध्यम छटेच्या जवळ असते. छायाचित्र काढल्यावर हिस्टोग्राम पाहावा. आलेख डाव्या भिंतीला चिकटला असेल, तर केसांचे बारकावे काळोखात बुडाले, असे समजावे. ते नंतर उजळू गेल्यास चित्रात रवाळपणा येतो. 'रॉ' स्वरूपातील छायाचित्रात दुरुस्तीला अधिक वाव असतो, इतकेच.

ही जुळवाजुळव गवा दिसण्यापूर्वीच एखाद्या काळ्या खडकावर करून पाहावी. तो समोर आल्यावर बटणे शोधण्यास सवड मिळत नाही.