रापलेली त्वचा आणि पार्लरची पहिली पायरी

कडेगावच्या माळावर दिवसभर खेळणाऱ्या मुलाच्या मनगटावरचे घड्याळ काढले, की खाली एक फिकट पट्टा दिसतो. उसाच्या फडात राबणाऱ्या बाईने बाही वर सरकवली, तर दंडावर दोन रंगांची सीमारेषा दिसते. या बदलाला आपल्या भाषेत ‘रापणे’ असा नेमका शब्द आहे. हे रापणे घालवून देणारे ‘डी-टॅन’ आता तालुक्याच्या गावांतील ब्युटी पार्लरमध्येही मिळते. घरातले लग्न किंवा शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले, की वरच्या वर्गातील मुली पहिल्यांदा त्या पायरीवर पाऊल ठेवतात.

युरोप-अमेरिकेत याच्या बरोबर उलट दुकाने आहेत. तेथील ‘टॅनिंग सलून’मध्ये गिऱ्हाईक पैसे मोजून रापून घेते. सूर्य एक, त्वचेची रचनाही एकच. मग धंदे उलटे का? आणि तेथे पहिल्यांदा जाणाऱ्याला काय ठाऊक असले पाहिजे?

सावलीचे गणित

कडेगाव सुमारे १७.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. २२ डिसेंबरला तो सर्वांत खाली असतो, पण तेव्हाही मध्यान्ही क्षितिजापासून सुमारे ४९ अंश वर असतो. त्या वेळी एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ८६ सेंमी पडते. म्हणजेच कडेगावात मध्यान्हीची सावली वर्षातल्या एकाही दिवशी वस्तूपेक्षा लांब नसते. त्याच दिवशी लंडनला सूर्य जेमतेम १५ अंश वर येतो आणि त्याच काठीची सावली पावणेचार मीटरच्या आसपास जाते.

किरण असे तिरपे आले, की त्यांना वातावरणातून बरेच लांबचे अंतर कापावे लागते. त्यातील अतिनील-ब किरण वाटेतच ओझोनमध्ये बहुतांशी शोषले जातात. म्हणून तेथे हिवाळ्यात उन्हाने रापणे जवळजवळ अशक्य असते आणि ते विकत मिळण्याची सोय झाली.

याला एक सामाजिक कारणही आहे. एकेकाळी युरोपातही रापलेला चेहरा ही शेतमजुराची खूण होती. पुढे मजूर कारखान्यांच्या छपराखाली गेले आणि समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवणे ही श्रीमंतांची खूण ठरली. आपल्याकडे उन्हात राबणे अजून कष्टकऱ्यांच्याच वाट्याला आहे. थोडक्यात, विकला जातो तो रंगापेक्षा रंगाला चिकटलेला मान.

त्वचेत काय घडते?

बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या प्रकारात आणि त्याच्या कणांचा आकार व मांडणी यांत. हे कण शेजारच्या पेशींत पोहोचवले जातात आणि तेथे पेशीकेंद्रावर टोपीसारखे बसतात. केंद्रातील डीएनएला अतिनील किरणांपासून वाचवणे हे त्यांचे काम.

अतिनील-अ किरणांनी आधीचेच रंगद्रव्य गडद होते, तो परिणाम काही मिनिटांत दिसतो. अतिनील-ब किरणांनी डीएनएला इजा होते, ती इजा ओळखून पेशी संदेश सोडतात आणि दोन-तीन दिवसांनी नवे मेलॅनिन तयार होऊ लागते. तेव्हा रापणे म्हणजे मळ नव्हे. ते इजा झाल्यावर उभे राहिलेले संरक्षण आहे. बाह्यत्वचा साधारणपणे चार आठवड्यांत नवी होते. म्हणून ऊन टाळले, की हा रंग आपोआप फिका होत जातो.

ऊन विकणारे दुकान

अतिनील दिव्यांच्या या खाटा १९७०च्या दशकात जर्मनीतून पसरल्या. नव्या गिऱ्हाइकाला तेथे त्वचेचा प्रकार विचारतात, डोळ्यांना गॉगल देतात आणि पहिल्या दिवशी थोडीच मिनिटे दिव्याखाली ठेवतात. त्वचेचे हे प्रकार अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ठरवले, तेही सोरायसिसच्या रुग्णाला अतिनील किरणांची किती मात्रा द्यावी हे कळावे म्हणून. उपचाराचे माप असे दुकानात येऊन बसले.

गिऱ्हाईक टिकावे म्हणून ‘आधी थोडे रापून घ्या, मग ऊन बाधणार नाही’ असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात अशा रापण्याचे संरक्षण अगदी तुटपुंजे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या खाटांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले; तंबाखूही त्याच गटात आहे. ब्राझीलने त्याच वर्षी व्यावसायिक वापरावर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनीही २०१६ पर्यंत तेच केले.

ऊन धुणारे दुकान

डी-टॅनमध्ये सहसा तीन गोष्टी असतात. ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे चेहऱ्यावरील लव फिकट होते आणि चेहरा उजळ भासतो. स्क्रबने वरच्या मृत पेशी घासल्या जातात. सौम्य आम्लांनी त्या सुटून येतात. या सर्वांनी मूळ वर्ण बदलत नाही. उलट आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला जोराने घासले किंवा पोळले, तर त्या जागी काळे डाग राहतात. काळेपणा घालवायला गेलेली मुलगी तो घेऊन परतते, ते असे.

खरा धोका आहे बिननावाच्या ‘गोरे करणाऱ्या’ डबीत. तिच्यात स्टेरॉइड असले तर त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, आणि मलम थांबवताच त्रास उफाळतो. पारा असला तर तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडात साठतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत एक विशेष प्रथिन सापडले आणि त्या १५ पैकी १३ जणांनी अशी क्रीम वापरली होती. लघवीला सतत फेस आणि पायांवर सूज ही अशा वेळी धोक्याची सूचना असते.

पहिल्या भेटीत काय व्हावे?

चांगली पार्लरवाली नव्या गिऱ्हाइकाला आधी विचारते : कोणते मलम लावता, काही ॲलर्जी आहे का, अंगावर पुरळ आहे का? ती कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडे औषध लावून २४ ते ४८ तास थांबते. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग करत नाही. पाकीट दाखवते, ‘इतकेच होईल, यापलीकडे नाही’ असे स्पष्ट सांगते आणि डाग संशयास्पद वाटला तर डॉक्टरांकडे धाडते. अशा बाईकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, कारण तिने विश्वास दिलेला असतो. हेच प्रश्न मुलींनीही विचारावेत. पाकिटावर घटक, उत्पादक आणि परवाना क्रमांक नसेल, तर ते चेहऱ्याला लागू देऊ नये.

वर्गात करून पाहा

शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी सरळ रोवून दर तासाला सावली मोजावी. सावली काठीपेक्षा आखूड असते तो काळ अतिनील किरणांचा. तेवढ्या वेळात पूर्ण बाह्या, टोपी किंवा पदर हवा. कवायतीची वेळ त्यावरून ठरवता येईल. मग प्रत्येकाने आपल्या दंडाच्या आतल्या बाजूचा रंग मनगटाच्या रंगाशी ताडून पाहावा. तुलना फक्त स्वतःशीच करायची, शेजाऱ्याशी नाही, हे शिक्षकांनी आधीच बजावावे. ‘काळी’ म्हणून चिडवली जाणारी मुलगी त्या तासाला कळलेली गोष्ट घरी नेईल : तिच्या त्वचेतले रंगद्रव्य तिच्या पेशींची राखण करते आहे.