बटण एक, वाटा दोन

सकाळी ८.१५

दिवसाचा पहिला फोन चिकलठाणा एमआयडीसीतल्या काकांचा. "पोरी, माझं लिहिलेलं जाऊच नाही लागलं. वाचायला मात्र सगळं येतंय."

मी त्यांना तीन प्रश्न विचारते. साधा मेल जातो का? न्यूजग्रुपमधले आजचे मेसेज दिसतात का? आणि 'सेंड' दाबल्यावर जी चौकट आली, तिच्यात काय लिहिलं होतं? पहिल्या दोन प्रश्नांना होकार येतो. तिसऱ्यावर काका म्हणतात, "ती मी बंद केली." असं बहुतेक जण करतात आणि त्यात त्यांची चूक नाही. चौकटीत इंग्रजी मजकूर, मध्येच एक आकडा, खाली 'ओके' एवढं एकच बटण. माणूस ते दाबणारच. पण निदान त्याच चौकटीत असतं. पुन्हा पाठवून बघा, चौकट आली की मोबाइलवर तिचा फोटो काढा, मी अकरापर्यंत येते, असं सांगून फोन ठेवते.

मी या पट्ट्यातल्या छोट्या युनिटांचे संगणक सांभाळते. बऱ्याच ठिकाणी मेलसाठी थंडरबर्ड आहे. ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही बरं चालतं. त्याच खिडकीत मेलही उघडतो आणि न्यूजग्रुपही, म्हणजे एकाने लिहिलं की सगळ्यांना वाचता येणारी जाहीर चर्चा. डावीकडे खात्यांची एकच यादी, वर 'सेंड'चं एकच बटण. त्यामुळे वापरणाऱ्याला वाटतं की सगळं एकाच वाटेनं जातं. प्रत्यक्षात मेल एसएमटीपीने एका सर्व्हरकडे जातो, सहसा ५८७ किंवा ४६५ क्रमांकाच्या पोर्टवरून. ग्रुपची पोस्ट एनएनटीपीने दुसऱ्याच सर्व्हरकडे जाते, ११९ वरून किंवा सुरक्षित जोडणी असेल तर ५६३ वरून. दोन्हींचे पासवर्ड वेगळे, नियमही वेगळे. म्हणून "मेसेज जात नाही" ही तक्रार आली की मी आधी एवढंच शोधते: कोणत्या वाटेवरचा, आणि कुठपर्यंत पोचून थांबलेला.

९.३०

सिडकोतून निघून मुकुंदवाडीचा चौक ओलांडते आणि जालना रोडवरून एमआयडीसीत वळते. कंपन्यांच्या बसेस आणि शिफ्ट सुटलेल्यांच्या दुचाकी यांची इथे या वेळी कायम गर्दी.

पहिलं काम एका पॅकेजिंग युनिटच्या ऑफिसात. कालपासून कोटेशनचे मेल गेलेले नाहीत. ताई म्हणतात, "पाठवले, पण समोरच्याला मिळालेच नाहीत." सगळे आउटबॉक्समध्ये पडलेले. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात तळाला जोडणीची बारीक खूण असते. तिच्यावर चुकून क्लिक झालं की थंडरबर्ड ऑफलाइन जातं आणि पाठवलेलं सगळं मुकाट्याने साठवत राहतं. खूण पूर्ववत केली, सगळे मेल एकापाठोपाठ निघाले. दहा मिनिटांचं काम.

११.००

काकांची शेड. काकांनी आयुष्य टूलरूममध्ये काढलं. निवृत्तीनंतर एक जुना लेथ घेतला आणि आता त्यावर सुटे जॉब काढतात. लेथचा लीडस्क्रू इंचातला. त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचं गिअर लागतं, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट केली की १२७ हा पूर्ण आकडा मिळतो. ते गिअर मशीनबरोबर आलंच नव्हतं. काकांनी 'रेक.क्राफ्ट्स.मेटलवर्किंग' या ग्रुपवर विचारलं आणि तिकडून एकाने सुचवलं: ४७ आणि ३७ दात्यांची जोडी लावा. ४७ भागिले ३७ म्हणजे १.२७०२७, हवं असतं १.२७. फरक दहा हजारांत दोन भागांचा. काकांनी जोडी बसवली, आटे पाडले, नट फिरवून पाहिला, पिच मोजला. आता तो निकाल त्यांना ग्रुपला कळवायचा होता आणि नेमका तोच जात नव्हता.

पाठवलेल्या मेलमध्ये त्यांचा पहिला प्रयत्न सापडला. त्यांनी 'रिप्लाय' दाबलं होतं. मेलमध्ये तेच बरोबर, पण ग्रुपमधल्या मेसेजवर 'रिप्लाय' दाबलं की उत्तर लिहिणाऱ्याच्या खासगी पत्त्यावर मेलने जातं. ग्रुपवर जायला 'फॉलोअप' दाबावं लागतं. जाहिरातींचे मेल टाळायला बरेच जण न्यूजग्रुपवर खोटा पत्ता देतात आणि त्याच्या शेवटी 'डॉट इन्व्हॅलिड' लावतात. हा शेवट १९९९ पासून अशाच वापरासाठी राखून ठेवला आहे, तो कुणालाच मिळत नाही. काकांचं उत्तर अशा पत्त्यावर गेलं आणि परत आलं. परतीच्या मेलवरून त्यांना वाटलं, आपला मेलच बिघडला. पासवर्ड बदलायच्या तयारीत होते, मी थांबवलं. मेलची वाट धडधाकट होती.

दुसऱ्या वेळी त्यांनी ग्रुपचं नाव 'टू'च्या रकान्यात टाइप केलं. तिथे थंडरबर्ड मेलचा पत्ता शोधतं, त्यामुळे हा पत्ता वैध नाही असं सांगून ते अडलं. मजकूर लिहायच्या खिडकीत सगळ्यात वर 'फ्रॉम' असतं. तिथे न्यूजग्रुपचं खातं निवडलं की 'न्यूजग्रुप' हा वेगळा रकाना येतो आणि नाव तिथे लिहायचं असतं. मी निवड करून दिली, काकांनी 'सेंड' दाबलं, आणि पुन्हा एक चौकट आली. आकडा ४४१.

आता खरं काम सुरू झालं. काकांना वाचता येतं, म्हणजे जोडणी ठीक, पोर्ट उघडं, ग्रुपचं नाव बरोबर. उरल्या दोनच शक्यता: लिहायची परवानगी नाही किंवा मजकुरातच काही खटकतंय. अशा वेळी मी थंडरबर्ड बाजूला ठेवते आणि काळ्या खिडकीतून सर्व्हरशी थेट बोलते. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

सर्व्हर पहिल्याच ओळीत सांगतो. २०० म्हणजे लिहायला मुभा, २०१ म्हणजे फक्त वाचा. आला २००. नाव दिलं, ३८१, म्हणजे पासवर्ड द्या. पासवर्ड दिला, २८१, ओळख पटली. पासवर्ड न देता लिहायला गेलो असतो तर ४८० आला असता. ती गाठ खात्याच्या सेटिंगमध्ये, प्रत्येक वेळी ओळख विचारण्याच्या चौकोनावर खूण केली की सुटते. इथे तो प्रश्नच नव्हता. 'पोस्ट' लिहिलं, ३४० आला: द्या मजकूर. चाचणीच्या ग्रुपसाठी दोन ओळी दिल्या, शेवटच्या ओळीवर एकटं टिंब. २४०, मजकूर घेतला.

म्हणजे काकांना लिहायची परवानगी होती. अडत होती ती त्यांची ती एकच पोस्ट. मी चौकटीतलं पुढचं वाक्य त्यांना मराठीत सांगितलं: नव्यापेक्षा उतारा जास्त आहे. काकांनी आधीची सगळी चर्चा, 'पेक्षा मोठं'च्या खुणा (>) लागलेल्या ओळींसकट, जशीच्या तशी ठेवली होती आणि खाली स्वतःच्या दोन ओळी: आभार, आणि काम झालं. लांब पोस्टमध्ये उताऱ्याच्या ओळी नव्या ओळींपेक्षा जास्त असतील तर काही सर्व्हर ती नाकारतात. डायल-अपच्या काळात एकेक ओळ महाग होती, तेव्हाची ही शिस्त. मला ती आजही पटते. वाचणाऱ्याला नवं काय ते लगेच सापडायला हवं.

पण यात काकांचं जास्त नुकसान होत होतं. ग्रुपवरच्या त्या माणसाला कळलंही नसतं की त्याची जोडी चिकलठाण्यात चालली. न पोचलेल्या मेसेजचं हे मला फार लागतं. पाठवणारा धडपडत असतो आणि पलीकडे सगळ्यांना वाटतं, प्रश्न विचारून गडी गप्प झाला.

मी म्हटलं, "काका, उतारा चार ओळींचा ठेवा आणि तुम्ही काय मोजलंत ते लिहा." त्यांनी वही काढली. कोणता पिच, किती लांबीवर मोजला, नट कुठपर्यंत हाताने फिरला, मशीनवर गिअर कसे बसवले, सगळं लिहिलं. पोस्ट सरळ गेली.

दुपारी १.३०

डबा काकांबरोबरच. भाकरी, ठेचा, पिठलं. ते म्हणाले, आधी गुगल ग्रुप्समधून लिहायचो, तेव्हा हे काही नव्हतं. खरं आहे. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने यूजनेटवर, म्हणजे या न्यूजग्रुपांच्या जाळ्यावर, नवं लिहिणं बंद केलं, आणि ज्यांना ग्रुप सोडायचा नव्हता त्यांना स्वतःचा सर्व्हर आणि स्वतःचं रीडर शोधावं लागलं. यूजनेट त्याहून खूप जुनं. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना मांडली. एनएनटीपीचे नियम १९८६ मध्ये लिहिले गेले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या काळचा पाइन नावाचा प्रोग्राम नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर मेल आणि न्यूजग्रुप दोन्ही दाखवायचा. मराठी माणसांसाठीही 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा वेगळा ग्रुप होता. एकाच खिडकीत दोन टपाल ठेवायची ही पद्धत तेव्हापासूनची.

३.००

एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये मेल येतही नाही आणि जातही नाही. दोन्ही बाजू एकदम बंद असतील तर खात्याआधी मशीनकडे बघावं. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख काही वर्षं मागची. रात्री वीज गेली आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला. तारीख मागे गेली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला अजून सुरूच न झालेलं दिसतं आणि तो जोडणी नाकारतो. तारीख पुढे गेली तरी त्रास होतो. चोवीस तासांहून पुढची तारीख असलेली पोस्ट बरेच न्यूज सर्व्हर घेत नाहीत. ऑफिसातला मुलगा प्रमाणपत्राच्या इशाऱ्यावर 'अपवाद मान्य' करणार होता. त्याला समजावलं की हे बटण दाबणं म्हणजे समोरचा खरा की खोटा हे न बघता पासवर्ड हातात देणं. सेल बदलला, तारीख लावली, मेल सुरू झाला.

४.४५

एका सॉफ्टवेअर ऑफिसातला तरुण जीमेन सर्व्हरवरून पहिल्यांदाच लिहीत होता. हा सर्व्हर मेलिंग लिस्ट न्यूजग्रुपसारख्या दाखवतो. थंडरबर्ड 'गेलं' म्हणत होतं, कुठे चौकट नाही, आकडा नाही, आणि पोस्ट मात्र दिसत नव्हती. इथे दोन्ही वाटा एकमेकींना मिळतात. जीमेनवर पहिली पोस्ट टाकली की 'फ्रॉम'मधल्या पत्त्यावर खात्री करणारा मेल येतो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पोस्ट पुढे जात नाही. तो मेल जंक फोल्डरमध्ये सापडला. उत्तर दिलं आणि पोस्ट मोकळी झाली. बरं झालं, त्याने खोटा पत्ता दिलेला नव्हता. दिला असता तर हा मेल कुठेच पोचला नसता.

सायंकाळी ७.००

घरी आल्यावर काकांची पोस्ट तपासते. त्यांच्याच सर्व्हरवर ती दिसते, पण तेवढ्यावर मी थांबत नाही. सर्व्हर एकमेकांना पोस्ट देत पुढे नेतात, म्हणून दुसऱ्या सर्व्हरवर तोच मेसेज-आयडी शोधते. आहे. खाली एक उत्तरही आलंय: ४७-३७ ची जोडी मशीनवर कशी बसवली, त्याचा फोटो टाकता का?

काकांना फोन करते. फोटो पोस्टला जोडू नका, हा ग्रुप नुसत्या मजकुराचा आहे, चित्र जोडलेली पोस्ट बहुतेक सर्व्हर फेकून देतील. फोटो दुसरीकडे चढवून पोस्टमध्ये त्याची लिंक द्यायची. काका म्हणतात, "मग उद्या सकाळी शेडवर ये. आधी गिअरचं ग्रीस पुसतो, फोटो स्वच्छ यायला पाहिजे."