धसका, डोळे आणि नगर जिल्हा

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. अशा घटनेनंतर चौकशी समिती नेमली जाते, मदत जाहीर होते. ज्यांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं त्यांची झोप मात्र कुणी मोजत नाही. अकोले-संगमनेरकडे बिबट्याच्या तावडीतून वाचलेला माणूस, ऊसतोडीला जाताना ट्रॉली उलटून मागे राहिलेलं कुटुंब, घरात वर्षानुवर्षं मार खाणारी बाई, यांच्याबद्दल गावात एवढंच म्हणतात की धसका घेतलाय. महिने उलटले तरी तोच प्रसंग पुन्हा समोर उभा राहतो, माणूस दचकून उठतो, ती वाट टाळतो. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यांपैकी ईएमडीआर ही नजरेच्या हालचालींचा वापर करणारी पद्धत या जिल्ह्याला खास उपयोगी पडेल असं मला वाटतं, आणि त्याचं कारण डोळ्यांच्या हालचालीपेक्षा वेगळं आहे.

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केली आणि १९८९ मध्ये तिच्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. उपचाराचे आठ टप्पे असतात. आधी माणसाची माहिती घेतात आणि मन शांत ठेवायला शिकवतात; त्यानंतरच त्याला प्रसंगातलं सर्वांत असह्य चित्र, त्यासोबत स्वतःबद्दल बसलेला समज (‘चूक माझीच होती’) आणि शरीरात जाणवणारा ताण मनात धरायला सांगतात. उपचारक बोटं डावी-उजवीकडे हलवतो, रुग्ण नजरेने त्यांचा माग घेतो. थोड्या वेळाने थांबून ‘आता काय जाणवतंय?’ असं विचारतात आणि पुन्हा सुरुवात होते. प्रसंग विसरला जात नाही, त्याची धार कमी होते.

बोटं हलवून धसका जातो हे ऐकून देवऋषाची आठवण होणं स्वाभाविक आहे, आणि शंका घेणाऱ्यांत शास्त्रज्ञही आहेत. एकाच बैठकीत गुण येतो हा सुरुवातीचा दावा टिकला नाही. डोळे हलवल्याने काहीच भर पडत नाही, असा निष्कर्ष २००१ मधल्या एका एकत्रित विश्लेषणाने काढला. २०१३ मधल्या दुसऱ्याने भर पडते असं दाखवलं. मेंदूचे डावा आणि उजवा हे दोन भाग जोडले जातात हे लोकप्रिय स्पष्टीकरणही डळमळीत आहे, कारण नजर वर-खाली फिरवली किंवा आठवण मनात धरून आकडेमोड केली तरी तिचा ठसठशीतपणा कमी होतो. डच संशोधकांनी पुढे आणलेला विचार अधिक पटतो. मनाची एका वेळी धरून ठेवायची ताकद मर्यादित असते. ती दोन कामांत वाटली गेली की आठवण फिकी होते आणि तशीच परत साठवली जाते. पण कारणावर वाद आहे म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये प्रौढ आणि मुलांसाठी या पद्धतीची शिफारस केली. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये मात्र युद्धातल्या आघातासाठी ती सुचवली नाही, हे लष्करी छावणी असलेल्या नगर शहराने ध्यानात ठेवावं.

इथे उपयोगी पडेल तो या पद्धतीचा एक गुण: रुग्णाला घडलेलं सगळं तपशिलाने सांगावं लागत नाही आणि घरी मोठा गृहपाठ करावा लागत नाही. पोलिसांसमोर, न्यायालयात, भावकीत तेच पुन्हा पुन्हा सांगून पिचलेल्या बाईला आणखी एका अनोळखी माणसापुढे ते बोलायला लावणं हाच एक जाच असतो. कित्येक जणी त्या भीतीनेच उपचाराकडे फिरकत नाहीत.

हे करणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. आठवणीवर थेट काम करणं प्रशिक्षित तज्ज्ञाकडेच राहिलं पाहिजे. घाई केली तर माणूस आणखी विस्कटतो. पण त्याआधीचं आणि नंतरचं बरंच काम गावात होऊ शकतं. जामखेडला १९७० मध्ये काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. गोव्यात ‘संगत’ संस्थेच्या साध्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर केलेल्या उपचाराचा चांगला परिणाम ४९५ जणांच्या अभ्यासात दिसला. तो अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तो आजार वेगळा होता, तरी धसका ओळखणं, श्वास सावकाश घ्यायला शिकवणं, तज्ज्ञापर्यंत सोबत जाणं ही कामं आशाताईंना नक्की जमतील. तज्ज्ञाने जिल्हा रुग्णालयात बसून वाट पाहण्याऐवजी ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावं.

यावर मला सर्वांत गंभीर वाटणारा आक्षेप असा, की खून-अत्याचारांच्या घटनांनी ओळखली जाणारी खर्डा, सोनई, कोपर्डी ही गावं असलेल्या जिल्ह्यात उपचाराची भाषा अन्यायाला आजार ठरवून टाकेल. हा धोका खरा आहे. आरोपी त्याच गावात फिरत असेल तर पीडिताच्या घरातली भीती ही जुनी आठवण नसते, ती चालू धोक्याची जाणीव असते, आणि ती बोथट करणं घातक ठरेल. म्हणून अशा ठिकाणी आधी संरक्षण, साक्षीदाराची सोय आणि खटला. आठवणीवरचं काम त्यानंतर किंवा वकिलाशी बोलून, कारण आठवण बदलली असा मुद्दा बचाव पक्ष उचलू शकतो. पण निकाल लागेपर्यंत वर्षं जातात. तोवर त्या घरातल्या आईला झोप लागावी, पोरांना शाळेत जाता यावं, यासाठी मन शांत करायचे पहिले टप्पे आजही देता येतात, आणि त्यांनी साक्षीच्या एकाही शब्दाला धक्का लागत नाही.